कोरी किल्ली आणि तेवीस बेशरम

११ जानेवारी

उचापते,

आशीर्वाद. बाकीचा मायना तुझ्या बापाला विचार, त्याला येतो. मला दुकान उघडायचंय.

तू पाठवलेली पावडर फुकट गेली. जिवाणूपासून केलेली, अळीच मरते, बाकी कुणाला काही होत नाही, असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतंस. दुकानाच्या गच्चीवर माझे अकरा डबे कोबी आहेत. पानांवर त्या हिरव्या बारीक अळ्या, हात लावला की दोऱ्याला लटकून झोके घेणाऱ्या. मी चष्मा लावून बसले आणि एकेका अळीच्या पाठीवर चिमूट चिमूट पावडर टाकली. दोन सकाळी गेल्या त्यात. एकही मेली नाही. पावडर लावून मिरवतायत, लग्नाला निघाल्यासारख्या.

एवढी वर्षं शिकून हेच केलंस का? मी चौथी पास, पण माझ्या हातची किल्ली लागली नाही असं आजवर झालं नाही.

फोन करू नकोस. फोनवर नुसतं ‘हो ना, हो ना’ करतेस. एक तर इथे किल्ल्यांचं मशीन घरघरतं, मला निम्मं ऐकू येत नाही. कागदावर खोटं लिहायला वेळ लागतो, माणूस दमतं आणि खरं लिहितं. म्हणून लिही.

आत्या

१७ जानेवारी

आत्या,

नमस्कार. पत्र वाचून इतकी हसले की शेजारच्या टेबलावरचे लोक उठून आले.

अगं, पाठीवर नाही टाकायची! पाण्यात कालवून पानांवर फवारायची. ती पोटात गेली तरच काम करते. तुझ्याच भाषेत सांगते.

त्या पावडरीत जिवाणूने बनवलेले खडे असतात, साखरेच्या दाण्यापेक्षा हजारपट बारीक. अळीने पान खाल्लं की खडा पोटात जातो. अळीच्या पोटातला रस सोड्याच्या पाण्यासारखा असतो, त्यात तो विरघळतो. मग तोच रस त्याची दोन्ही टोकं छाटतो आणि आतून खरं विष तयार होतं. ती झाली किल्ली. अळीच्या आतड्याला आतून पेशींचा थर असतो, विटेला वीट लावल्यासारखा. प्रत्येक पेशीवर ब्रशसारखे केस, आणि त्या केसांवर कुलपं. किल्ली कुलपात बसली की तशाच तीन-चार किल्ल्या एकत्र येतात आणि पेशीच्या भिंतीला भोक पाडतात. भोकातून पाणी आत घुसतं, पेशी टम्म फुगते आणि फुटते. अळीचं खाणं काही तासांतच बंद होतं, दोन-तीन दिवसांत ती मरते.

आपल्या पोटातला रस आंबट, आणि आपल्या आतड्यांवर ती कुलपं नाहीत. म्हणून कोबी धुऊन खुशाल खा.

इथे सगळं छान चाललंय. काळजी नको.

तुझी,
उचापत

२५ जानेवारी

उचापते,

कालवून फवारली. दुसऱ्या दिवशी पान कुरतडणं बंद. तिसऱ्या दिवशी काळ्या पडून गळाल्या. मानलं.

पण तुझी ती किल्ली मला पटली नाही. किल्ली गुमान आत जाते, दार उघडते, बाहेर येते. ही तर चौघी हातात हात घालून भिंतच फोडतात. याला किल्ली म्हणत नाहीत, घरफोडी म्हणतात. आणि माझं पोट आंबट आहे हे सांगायला तुझं विज्ञान कशाला हवं, माझ्याशी दोन मिनिटं बोलल्यावर गिऱ्हाइकांनाही कळतं.

आता ऐक. नऊ डबे साफ झाले. पण कडेच्या दोन डब्यांतल्या काही अळ्या मरत नाहीत. मी दुसऱ्यांदा फवारलं. तिसऱ्यांदा फवारलं. पानं पांढरी झाली. त्या पांढऱ्या पानासकट खातायत, वर माझ्याकडे बघून डोकं हलवतायत. मी त्यांना बेशरम म्हणते. पलीकडे रोपवाल्याचं काचघर आहे, तिकडूनच आल्या असणार. तो गेली सहा वर्षं दर आठवड्याला हीच पावडर मारतो, मी विचारून आले. सवड मिळाली की चिमट्याने वेचून रॉकेलमध्ये टाकते.

आणखी एक. ‘सगळं छान चाललंय’ असं लिहिलंयस. माझ्या दुकानात येऊन जो ‘काही विशेष नाही हो’ म्हणतो, त्याची किल्ली हमखास कुलपात तुटलेली असते. काय तुटलंय ते लिही.

आत्या

३० जानेवारी

आत्या!

टाकू नकोस! रॉकेलमध्ये टाकू नकोस! मी दुकानाला तीन वेळा फोन केला, तू उचलला नाहीस. शेवटी समोरच्या घड्याळवाल्याला फोन करून तुला निरोप द्यायला सांगितलं. त्याने ‘बाईंना अळ्या जिवंत ठेवायला सांगितलंय’ असा निरोप दिला म्हणे, आणि तू त्याला ‘तुझं डोकं ठिकाणावर आहे का’ विचारलंस. पण टाकल्या नाहीस, एवढं कळलं. आता दम घेऊन लिहिते.

खरं सांगू? काहीच छान नाहीये. आमच्या मॅडमनी मला दोन वर्षांपूर्वी एकच काम दिलं होतं. या विषाला न मरणारी अळी शोधायची आणि ती का मरत नाही ते सांगायचं. दोन वर्षं मी गावोगावच्या अळ्या आणल्या. सगळ्या मेल्या. मी इथली एकमेव बाई आहे जिच्या अळ्या मेल्या की तिला रडू येतं. मॅडमनी गेल्याच महिन्यात सांगितलं, एप्रिलअखेरच्या बैठकीत दाखवायला काही नसेल तर हे काम बंद. माझं टेबल दुसऱ्याला मिळणार. मी घरी कुणाला बोलले नाही. बाबांना तर मुळीच सांगू नकोस.

आणि तू म्हणतेस, तुझ्या गच्चीवर दोन डबे भरून आहेत!

किती आहेत? काय खातात? कशा आहेत? पाठव. झाकणाला भोकं पाडलेला डबा, आत पानं, आणि ओला कापूस.

उचापत

२ फेब्रुवारी

उचापते,

भोकं पाडायला मला शिकवतेस?

डबा रोजच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे दिलाय. त्याच्या गाडीची किल्ली मीच करून दिलेली आहे, त्यामुळे तो माझं ऐकतो. डबा मांडीवर ठेवून गाडी चालवायची नाही, इंजिनावर ठेवायचा नाही, आणि उघडून बघायचा नाही, असं तीनदा बजावलंय. तो म्हणाला, ‘आत्याबाई, आत आहे तरी काय?’ मी म्हटलं, ‘भाचीची नोकरी.’ त्याने डबा दोन्ही हातांनी धरला.

तेवीस नग आहेत. खातात भरपूर, पण अंगाला लागत नाही. बाकीच्या मेल्या त्या गलेलठ्ठ होत्या, या काडीसारख्या. वाढीतही चार-पाच दिवस मागे. तुझ्या उपयोगाचं असेल तर असो.

तुझ्या बापाला मी काही सांगितलेलं नाही. मी सांगायला तो कधी दुकानात येतो?

आत्या

१० मार्च

आत्या,

महिनाभर पत्र नाही म्हणून रागावली असशील. रागाव. मी अळ्यांच्या खोलीतच राहत होते म्हटलंस तरी चालेल.

तेवीसपैकी एकोणीस जिवंत पोचल्या. त्यांचे पतंग झाले, अंडी झाली, नवीन पिल्लावळ आली. त्यांना विष घातलं. नाही मेल्या! आमच्याकडच्या साध्या अळ्या शेजारच्या डबीत पटापट मेल्या आणि या मजेत खात होत्या. डब्यांवर चिठ्ठी लावायची असते, मी ‘बेशरम’ लिहिलं. मॅडमनी वाचलं, भुवया वर केल्या आणि राहू दे म्हणाल्या.

इथवरचं गोड. पुढे अडलंय.

मॅडम म्हणाल्या, कुलूप बदललेलं असणार. जगात बऱ्याच ठिकाणी तसंच सापडलंय, किल्ली बसायची जागाच बदलते. मलाही तेच वाटलं. मी बेशरमांची आतडी काढली, पेशींवरचे ते केस वेगळे केले आणि त्यावर विष सोडून पाहिलं. चिकटलं! जसं साध्या अळीत चिकटतं तसंच. तीन वेळा केलं, तीन वेळा चिकटलं. किल्ली कुलपात बसते, तरी दार फुटत नाही. मॅडम म्हणतात, तुझी चाचणी चुकतेय. मी म्हणते, कुलपातच आत खोल कुठेतरी बिघाड आहे, मला दिसत नाहीये. दोन आठवडे कुलूप उलटंपालटं करून बघतेय.

बैठकीला दीड महिना उरलाय. बेशरम आहेत, पण त्या का बेशरम हे सांगता आलं नाही तर काही उपयोग नाही. कुणाकडे बडबडू? तू तरी वाचशील.

उचापत

१६ मार्च

उचापते,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा गिऱ्हाईक उभं करून ठेवून वाचलं.

तू सात वर्षांची होतीस तेव्हाचं आठवतं का? खिळ्यावरची एक कोरी किल्ली काढलीस, जिला मी कानस लावलेलीच नव्हती, दाते नाहीत, काही नाही. ती मोठ्या पितळी कुलपात घातलीस, दोन्ही हातांनी पिळलीस आणि आत मोडलीस. आणि मग सगळी गल्ली गोळा होईल असं भोकाड पसरलंस, ‘आत्या, तुझं कुलूप खराब आहे!’ तेव्हापासून तुझं नाव उचापत. ते कुलूप अजून दारामागे लटकतंय. काढायला सवड झाली नाही.

तू अजून तेच करतेस.

दहा जण कुलूप बिघडलं म्हणून येतात, त्यातल्या नऊ जणांची किल्ली बिघडलेली असते. मी आधी कुलूप खोलत नाही. आधी विचारते, किल्ली कुठली लावलीत? तेच तुला विचारते. आतड्यावर सोडलंस ते विष कोणी कापलेलं होतं? तू, की अळीने? मला वाटतं, तू तुझ्या टेबलावर नीट कानस मारून तयार केलेली किल्ली लावलीस. ती बसणारच. पण अळी खाते तेव्हा तिच्या तोंडी तू कोरी किल्लीच देतेस ना, तो खडा? तूच लिहिलं होतंस, अळीचाच रस त्याची टोकं छाटतो. म्हणजे कानस अळीच्या पोटात.

आता माझं आधीचं पत्र काढून बघ. खातात भरपूर, अंगाला लागत नाही. आमच्या पलीकडच्या शिंप्याला तसंच व्हायचं, डॉक्टर म्हणाला पाचक रस कच्चा. तुझ्या बेशरमांचा रस कच्चा आहे. रस कच्चा म्हणजे कानस बोथट. कानस बोथट तर किल्ली कोरीच राहणार, आणि कोरी किल्ली कुठल्या बापाच्या कुलपात फिरत नाही, हे तू सातव्या वर्षीच सिद्ध करून दाखवलंयस.

म्हणजे त्या शूर नाहीत, हुशार नाहीत, कामचुकार आहेत. आपल्याच गळ्याचा फास आपण विणायचा होता, तेवढा आळस केला म्हणून वाचल्या. आळसाने कुणाचं भलं झालेलं मी जन्मात पहिल्यांदा बघतेय. दुकानातल्या पोऱ्याला सांगू नकोस, तो आधीच तसा आहे.

करायचं एवढंच. कापून तयार केलेली किल्ली त्यांना खायला घाल. मेल्या तर कुलूप चांगलं. जगल्या तर मी चूक आणि तुझी मॅडम बरोबर. लवकर कर. रडण्यात दिवस घालवू नकोस.

आत्या

२ एप्रिल

आत्या आत्या आत्या!

मेल्या!!

वीसपैकी एकोणीस. कापून तयार केलेलं विष पानाला लावून घातलं. पहिल्या दिवशी खाणं बंद, तिसऱ्या दिवशी एक सोडून सगळ्या आडव्या. शेजारच्या डबीत त्याच बेशरमांच्या बहिणींना नुसता खडा घातला होता, त्या आरामात खात बसल्या होत्या. मी खोलीतच उड्या मारल्या. झाडूवाल्या मावशी आत आल्या, त्यांना वाटलं झुरळ निघालं.

मग मी बेशरमांचा पोटातला रस काढला, काचेच्या नळीत खडे टाकून ठेवले, तासातासाने पाहिलं. साध्या अळीच्या रसात तासाभरात टोकं छाटली गेली. बेशरमांच्या रसात दुसऱ्या दिवशीही बहुतेक कोरी ती कोरीच. कानस बोथट, आत्या! चारदा केलं. चारही वेळा तेच.

मॅडमना दाखवायला गेले तर त्या चप्पल काढून टेबलाखाली पाय पसरून बसलेल्या. कागद बघितले आणि तशाच अनवाणी माझ्या टेबलापर्यंत धावत आल्या. म्हणाल्या, ‘आपण सगळे कुलपाकडेच बघत बसलो. हे तुला सुचलं कसं?’ मी म्हटलं, ‘मला नाही, आत्याला.’ त्यांनी विचारलं, ‘त्या कुठल्या संस्थेत असतात?’ मी म्हटलं, ‘दुकानात.’

आता त्यांचा हट्ट आहे, अठ्ठावीस तारखेच्या बैठकीला तू यायचंस. यायचंच. मी घ्यायला येते.

तुझी तुझी तुझी,
उचापत

८ एप्रिल

उचापते,

मेल्या हे वाचून बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं. तेवीस जणींची मला सवय झाली होती.

मी येणार नाही. सभा, भाषणं, हार, माइक, ‘दोन शब्द बोला’, मग तेच दोन शब्द दोन तास. माझं दुकान आहे. घड्याळवाल्याला सांगितलं तर तो म्हणतो, ‘जा ना बाई, तुम्ही आता शास्त्रज्ञ.’ त्याला मी त्याच्याच दुकानाबाहेर काढलं.

घ्यायला येऊ नकोस. येण्याजाण्यात तुझे दोन दिवस जातील, तेवढ्यात अजून एकदा रस काढून बघ. चार वेळा पुरेसं नाही. मी किल्ली पाच वेळा फिरवून मगच गिऱ्हाइकाच्या हातात देते.

त्या सभेच्या दाराला कुलूप कसलं आहे? साधं की आतल्या आत बसवलेलं?

सहज विचारते.

गाडी सकाळी किती वाजता पोचते?

आत्या

२९ एप्रिल

आत्या,

तू काल एवढ्या घाईने निघालीस की पुढचं तुला कळलंच नाही.

तुझी तीन वाक्यं लोक अजून एकमेकांना सांगतायत. मॅडमनी तुला माइक दिला, तू तो बाजूला ठेवलास, पिशवीतून कोरी किल्ली आणि कानस काढलीस आणि म्हणालीस, ‘ही कोरी आहे. ही कापली की लागते. तुमच्या अळ्या कापत नाहीत.’ आणि बसलीस! पहिल्या रांगेतल्या पाहुण्याने आपल्या वहीत कानसेचं चित्र काढलं, मी डोकावून बघितलं. तुझ्यानंतर मला चाळीस मिनिटं बोलायचं होतं. त्यातलं अर्धं तू आधीच सांगून टाकलेलं.

शेवटी एकाने विचारलं, ‘या जातीला ‘बेशरम’ हे नाव कशावरून?’ मॅडम उभ्या राहून अगदी गंभीरपणे म्हणाल्या, ‘तीन फवारण्यांनंतरच्या त्यांच्या वागणुकीवरून.’ आता कागदोपत्री तेच नाव पक्कं. परक्या देशातल्या एका बाईंनी ते चार वेळा म्हणून पाहिलं. चौथ्यांदा जमलं.

आणि तू चहाच्या वेळेत गायब झालीस म्हणून मी शोधत होते. तू मॅडमच्या खोलीतलं कपाट दुरुस्त करत होतीस! त्या म्हणाल्या, ते दीड वर्षं लाथ मारून उघडावं लागायचं.

माझं टेबल माझंच राहिलं, आत्या. आणखी तीन वर्षांसाठी. रोपवाल्याच्या काचघरातही जायचंय, त्याला हीच एक पावडर मारत राहू नको हे सांगायला, आणि कानस बोथट असली तरी चालेल असं काही सापडतं का ते बघायला. म्हणजे मी अधूनमधून तुझ्या गच्चीवर असणार. आणि मॅडमनी अळ्यांच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. आजवर ती फक्त त्यांच्याकडे असायची. तिचे दाते झिजलेत, दोनदा हलवल्याशिवाय लागत नाही. त्यांना विचारून सोबत पाठवतेय. नवी करून देशील?

आता हे सगळं लिहून छापायचंय. त्यातल्या आभाराच्या पानावर तुझ्याबद्दल काय लिहू?

उचापत

६ मे

उचापते,

काही लिहू नकोस. लिहिलंस तर बेशरमांच्या खाली लिही, वर नको.

येतेस तर ये, पण काचघरवाल्याशी मी आधी बोलून ठेवते. तुझं ऐकेल की नाही शंका आहे, माझं ऐकेल, त्याच्या तिजोरीची किल्ली माझ्याकडून आहे. कोबी पुन्हा लावलाय. या खेपेला दोन डबे मुद्दाम न फवारता सोडलेत, तुला लागतील म्हणून. घड्याळवाला म्हणतो, बाईंनी अळ्या पाळल्यात.

कामाच्या दिवशी दुकान बंद ठेवलं ते तुझ्या सभेच्या दिवशी पहिल्यांदाच. परत आल्यावर शटर उघडलं, आणि दारामागचं ते पितळी कुलूप डोळ्यांवर आलं. बावीस वर्षं. म्हटलं, आज गिऱ्हाईक नाही तर तेच बघू. बारीक चिमट्याने तुझा मोडका तुकडा काढला. आख्खी सकाळ गेली. तेल सोडलं. नवीन किल्ली घासली. पहिल्याच फेऱ्याला खट्कन उघडलं. कुलूप ठणठणीत होतं, एवढी वर्षं उगाच बदनाम.

ते आता दुकानाला लावते.

सोबत दोन किल्ल्या आहेत. मोठी तुझ्या अळ्यांच्या खोलीची, पाच वेळा फिरवून पाहता आली नाही, तू फिरवून कळव. छोटी या पितळी कुलपाची, तुझ्यासाठी. तिच्यावर मी निम्मीच कानस मारलीय. अशी लागणार नाही.

उरलेली तू इथे येऊन मार.

आत्या